कोलकात्यात दोन चायनाटाउन का आहेत आणि ती कशी पाहावीत

कोलकात्यात टॅक्सीवाल्याला नुसतं ‘चायनाटाउन’ सांगितलं तर तो बहुतेक वेळा तुम्हाला टँग्राला नेऊन सोडतो. सकाळी सहा वाजता तिथे सगळी शटरं खाली असतात. ज्या चिनी न्याहारीसाठी एवढ्या पहाटे उठलात ती मिळते टिरेटा बझारला, लालबाजार पोलीस मुख्यालयाच्या उत्तरेला, आणि दोन्ही ठिकाणांत पाचसहा किलोमीटरचं अंतर आहे. शहर जागं होऊन गाडी परत वळवेपर्यंत न्याहारी संपलेली असते. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: सकाळी टिरेटा, संध्याकाळी टँग्रा. गाडीत बसताना ‘पोद्दार कोर्ट’ म्हणा. ही इमारत सगळ्यांना माहीत आहे आणि न्याहारीचा बाजार तिच्या शेजारीच भरतो.

एकाच समाजाच्या दोन वस्त्या एकमेकींपासून इतक्या लांब का, हे कळलं की बाकीचं बरंच आपोआप उलगडतं. कोलकात्याच्या चिनी माणसाबद्दल आधी विचारायचा प्रश्न एकच: कुठल्या गावचा? गावावरून बोली कळते, बोलीवरून धंदा, धंद्यावरून गल्ली आणि गल्लीवरून देऊळ. ही साखळी डोक्यात ठेवून फिरलात तर पडक्या दिसणाऱ्या इमारतीही बोलायला लागतात. ती ठाऊक नसेल तर टिरेटा बझार म्हणजे अरुंद गल्ल्या, कचरा आणि चार वाफाळती भांडी, एवढंच पदरात पडतं.

ही माणसं आली कुठून

भारतात स्थायिक झालेला पहिला चिनी म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो तोंग अच्यू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो हुगळीच्या काठी उतरला. वॉरन हेस्टिंग्जने त्याला बजबजजवळ ६५० बिघे जमीन वर्षाला ४५ रुपये खंडाने दिली. तिथे त्याने ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला आणि त्यासाठी चीनहून मजूर आणले. कारखाना फार काळ टिकला नाही. १७८३च्या सुमारास अच्यू वारला आणि त्याची माणसं कामाच्या शोधात कोलकात्याकडे सरकली. त्याच्या नावावरून त्या गावाला आजही अचिपूर म्हणतात.

पण अच्यूच्या मजुरांमुळे एवढी मोठी वस्ती उभी राहिली नसती. तिला खरं पाणी घातलं ते बंदराने. कोलकात्याहून कँटनला अफू जायची, परतीच्या जहाजांतून चहा, रेशीम आणि माणसं यायची. जहाज म्हटलं की सुतार आलेच: फळ्या, डोलकाठ्या, केबिनींचं लाकूडकाम, डागडुजी. कँटोनीज सुतारांचा या कामात हातखंडा होता आणि खिदिरपूरच्या गोदीत त्यांना मागणी होती. याच व्यापाराने मुंबईचे पारशीही कोलकात्यात आणले. रुस्तमजी कावसजी बानाजी हे मुंबईहून आलेले जहाजमालक, आणि खिदिरपूरची गोदी एकेकाळी त्यांच्या मालकीची होती. त्यांनी १८३९ मध्ये बांधलेली अग्यारी एझरा स्ट्रीटवर, टिरेटा बझारपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आज ती वापरात नाही.

खुद्द टिरेटा बझारला नाव मिळालं ते एका इटालियन माणसावरून. एदुआर्दो तिरेत्ता हा व्हेनिसकडून पळून आलेला गृहस्थ इथे रस्ते आणि इमारतींचा अधीक्षक झाला होता, आणि हा बाजार त्याच्या मालकीचा होता.

कँटोनीजांच्या मागोमाग हक्का आले, दक्षिण चीनमधलाच पण वेगळी बोली बोलणारा समाज. लाकूडकामात शिरायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी चामडं धरलं. चामड्याला हात लावणं सवर्ण हिंदूंना निषिद्ध होतं, त्यामुळे या धंद्यात स्पर्धा कमी आणि गिऱ्हाईक भरपूर. बेंटिंक स्ट्रीटवरची चिनी जोड्यांची दुकानं हक्कांची. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी शहराबाहेर पूर्वेकडच्या दलदलीत, टँग्राला, चामडं कमावायचे कारखाने काढले. कातडी भिजवायला आणि धुवायला पाणी मुबलक लागतं, सांडपाणी सोडायला जागा लागते आणि वास सहन करणारे शेजारी लागतात. भर शहरात यातलं काहीच मिळणं शक्य नव्हतं. दुसरं चायनाटाउन शहराच्या दुसऱ्या टोकाला का, याचं उत्तर हे असं आहे. हुबेई प्रांतातून आलेले लोक दातांचे डॉक्टर आणि कवळ्या बसवणारे झाले, शानदोंगचे रेशमाची गाठोडी घेऊन दारोदार फिरले. हक्का बायकांनी पुढे ब्यूटी पार्लरं काढली आणि ती कोलकाताभर नावाजली गेली.

देवळाच्या पाटीवर ‘चर्च’ का

टिरेटा बझारच्या गल्ल्यांत ‘सी इप चर्च’, ‘तुंग ऑन चर्च’, ‘नाम सून चर्च’, ‘गी हिंग चर्च’ अशा पाट्या दिसतात. ख्रिस्ती धर्माचा इथे काही संबंध नाही, ही चिनी देवळं आहेत. इंग्रजांच्या काळात प्रार्थनास्थळाला लावलेला शब्द तसाच राहिला.

पण त्यांना नुसती देवळं समजलात तरी अर्धंच कळलं. मुंबईत धोबीतलावाच्या बाजूला गोंयकारांचे कूड आहेत, तसंच हे प्रकरण आहे. एका गावच्या खलाशांनी वर्गणी काढून जागा घ्यायची, खाली-वर खाटा, कोपऱ्यात गावच्या देवाची वेदी, आजारपणात आणि मयताला मदत, आणि जहाजावर नोकरी मिळेपर्यंत राहायची सोय. चिनी संस्थांचं कामही हेच. सी इप ही संस्था क्वांगतुंग प्रांतातल्या शेजारशेजारच्या चार तालुक्यांच्या लोकांची: ताईशान, शिन्हुई, काईपिंग आणि एनपिंग. नाम सून नानहाई आणि शुंदे इथल्या लोकांची. प्रत्येक संस्थेचा देव, हॉल, दफनभूमी आणि तंटे सोडवणारी वडीलधारी मंडळी वेगळी. एवढ्याशा भागात इतकी देवळं का, याचा उलगडा इथे होतो. ती एका धर्माची असली तरी वेगवेगळ्या गावकऱ्यांची आहेत.

इमारतीची रचनाही त्यातूनच आली आहे. बहुतेक ठिकाणी वेदी वरच्या मजल्यावर असते. खालचा मजला क्लबचा किंवा भाड्याने दिलेला: भाड्यातून देवळाचा खर्च निघतो आणि दुपारी म्हाताऱ्या माणसांचा माजाँगचा, म्हणजे चिनी सोंगट्यांचा, डाव रंगतो. खाली टेबलं-खुर्च्या पाहून ‘देऊळ बंद दिसतंय’ म्हणून बरेच लोक मागे फिरतात. जिना शोधा, आणि वर जाण्याआधी खाली बसलेल्या माणसाला विचारा. ब्लॅकबर्न लेनमधल्या तुंग ऑनची लाल इमारत हे याचं ठळक उदाहरण. तिच्या तळमजल्यावर गेल्या शतकाच्या विशीत ‘नानकिंग’ नावाचं हॉटेल निघालं. एका काळी शहरातली मातब्बर मंडळी तिथे जेवायला यायची. हॉटेल बंद होऊन कैक वर्षं झाली, पण वरचा सोनेरी नक्षीचा देव्हारा आहे तिथेच आहे. इमारतीसमोर अनेकदा कचऱ्याचा ढीग असतो, त्याने बिचकू नका.

आत गेल्यावर काय पाहायचं? लाल चेहऱ्याचा, लांब काळ्या दाढीचा योद्धा दिसला तर तो ग्वान यू. इमान आणि शब्द पाळणं यांचा हा देव, म्हणून व्यापारी, कारागीर आणि बंधुभावाच्या शपथा घेतलेल्या संघटना त्याला मानतात. परक्या मुलखात उधारी, भागीदारी सगळं जिभेवर चालायचं, तिथे असा देव हवाच होता. तुंग ऑनमध्ये तो आहे. छातावाला गलीतल्या सी इपमध्ये मुख्य देवता ग्वानयिन, करुणेची देवी. ही संस्था १८८२ची. आणखी एक नाव कानावर पडेल ते तिएन हौचं, समुद्रावर रक्षण करणारी देवी. बंदरातल्या चिनी वस्तीत ती नसती तरच नवल.

वेदीच्या दोन्ही बाजूंना लाकडी किंवा धातूची लांब दांड्याची शस्त्रं रांगेत उभी केलेली असतात. ती मिरवणुकीची, देवाच्या इतमामाची आहेत. त्यांना हात लावू नका. दाराजवळ मोठी घंटा किंवा नगारा असेल तर त्यालाही. आपल्याकडे देवळात शिरताना घंटा वाजवायची सवय असते, ती इथे आवरा.

वेदीसमोर बांबूचा एक नळा आणि त्यात पातळ पट्ट्या दिसतील, बहुधा शंभर, प्रत्येकीवर आकडा. शेजारी लाकडाचे दोन छोटे तुकडे, अर्धचंद्राच्या आकाराचे, एक बाजू सपाट आणि एक फुगीर. कौल लावायचं हे साधन आहे, आणि कोकणातल्या वाचकाला कौल ही काय चीज आहे ते सांगायला नको. पद्धत अशी: भाविक उदबत्ती लावतो, नाव आणि पत्ता सांगतो, मनात एकच प्रश्न धरतो. नळा दोन्ही हातांत धरून पुढे तिरका करायचा आणि हलक्या हाताने हलवत राहायचं. पट्ट्या हळूहळू वर सरकतात आणि एक जमिनीवर पडते. दोन पडल्या तर त्या परत ठेवून पहिल्यापासून सुरुवात. मग हीच पट्टी देवाला अभिप्रेत आहे ना, हे ते दोन तुकडे टाकून विचारायचं. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर होकार. दोन्ही फुगीर बाजू वर, तर नकार. दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसला, म्हणजे प्रश्न नीट विचारलेला नाही. होकार मिळाला की पट्टीवरच्या आकड्याची चिठ्ठी भिंतीवरच्या खणातून काढायची. चिठ्ठीवर जुन्या चिनीत चार ओळींचं कवन असतं आणि त्याचा अर्थ कुणाकडून तरी लावून घ्यावा लागतो. गंमत म्हणून नळा हलवू नका. ज्याला खरंच काही विचारायचं आहे त्याने देखरेख करणाऱ्याची परवानगी घेऊन विचारावं, उदबत्तीचे पैसे पेटीत टाकावेत.

देवळांना ठरावीक तिकीट किंवा पक्क्या वेळा नसतात. किल्ली सांभाळणारा माणूस असेल तर दार उघडतं. सकाळचा वेळ सगळ्यांत खात्रीचा. एक बंद मिळालं तर पुढच्याकडे जा आणि परतताना पुन्हा डोकावा. फोटो काढायला बहुतेक ठिकाणी हरकत घेत नाहीत, पण विचारल्याशिवाय काढू नका आणि पूजा चालू असताना अजिबात नको. पादत्राणांबाबत तिथली माणसं काय करतात ते बघा आणि तसंच करा.

न्याहारी

रविवारी ती सर्वांत मोठी असते. इतर दिवशी थोडेच विक्रेते दिसतात. साडेपाच-सहाला भांडी लागतात, साडेसातपासून चांगले पदार्थ संपायला लागतात, साडेआठला आवराआवर. माल घरी बनवून आणलेला असतो, संपला की संपला, आणि त्याच जागेत नेहमीचा भाजी-मासळीचा बाजार पसरायला लागतो. नऊला पोहोचलेल्या माणसाला इथे चिनी असं काही दिसणारच नाही.

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. सेंट्रल हे जवळचं मेट्रो स्टेशन, दहाएक मिनिटांच्या चालीवर. पण कोलकात्याची मेट्रो रविवारी उशिरा, साधारण नऊच्या सुमारास सुरू होते. म्हणजे ज्या दिवशी न्याहारी चांगली त्याच दिवशी मेट्रोचा उपयोग नाही. आदल्या रात्रीच टॅक्सीची सोय करून ठेवा, किंवा मध्य कोलकात्यात मुक्काम करून चालत जा. हावडा स्टेशनवर पहाटेच्या गाडीने उतरत असाल तर पूल ओलांडून ब्रेबॉर्न रोडने साधारण दोन किलोमीटर.

पदार्थांत बाव म्हणजे वाफवलेला पांढरा पाव, आत डुकराच्या मटणाचं सारण. एक खाल्ला की पोट बऱ्यापैकी भरतं, म्हणून आधीच दोन घेऊन बसू नका. शुमाई म्हणजे वरून उघडी, पातळ पारीची वाटी, आत खिमा. मासळीच्या गोळ्यांचं सूप स्वच्छ पाण्यासारखं असतं, वर कांद्याची पात, आणि थंडीच्या सकाळी त्याला तोड नाही. गोडात तीळ लावून तळलेले तांदळाच्या पिठाचे गोळे. मोमोही भरपूर असतात, पण ते हिमालयाकडून आले, त्यांच्यासाठी टिरेटापर्यंत यायची गरज नाही. विक्रेत्यांत आता चिनी कमी आणि इतर जास्त आहेत. आधी एक चक्कर मारून सगळी भांडी बघा, मग प्रत्येक ठिकाणी एकेक पदार्थ घ्या. झाकण उघडल्यावर वाफ भसकन वर येते तिथला माल ताजा. बाव थंड झाला की पारी चिवट होते आणि सारणातली चरबी गोठते.

शाकाहारी माणसाने इथे पोटभर खायच्या आशेवर येऊ नये. भाजीचे मोमो किंवा तिळाचे गोळे मिळतीलही, पण चिकन, पोर्क आणि भाजी एकाच मोदकपात्रात वाफवलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि तळणीत चरबी आहे का हे विचारावं लागतं. पोर्क न खाणाऱ्यांनीही प्रत्येक पदार्थाबद्दल स्वतंत्र विचारावं: ‘चिकन’ म्हणून दिलेल्या सुपाचा रस्सा कशाचा आहे, हा प्रश्न रास्त आहे. बसायला जागा नाही, उभ्यानेच खायचं. सुट्टे पैसे, हात पुसायला कागद आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या. पायात बंद बूट घाला, मासळीबाजारामुळे जमीन ओली आणि निसरडी असते.

खाऊन झालं की साडेसातच्या सुमारास छातावाला गलीकडे वळा, सी इप पाहा, मग ब्लॅकबर्न लेन आणि डॅमझेन लेन. दोन तास पुरतात. वाटेत पू चाँगचं सॉसचं दुकान उघडलं असेल तर हिरव्या मिरचीच्या सॉसची बाटली घ्या. कोलकात्यातल्या अनेक घरांत आणि चाऊमिनच्या गाड्यांवर हाच सॉस असतो. बाटली विमानात हातातल्या बॅगेत अडू शकते, म्हणून सामानात द्या, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि कपड्यांत नीट गुंडाळा.

वस्ती रिकामी का झाली

एका काळी कोलकात्यात वीस हजारांच्या आसपास चिनी होते असं सांगतात. आजचा सर्वसाधारण अंदाज दोन हजारांच्या आगेमागे आहे. तरुण पिढी नव्या संधींसाठी गेली, एवढं सांगून लोक पुढे जातात. ते अपुरं आहे. या वस्तीला कायद्याचे आणि सरकारी निर्णयांचे घाव बसले आहेत, आणि ते माहीत करून न घेता इथे न्याहारी करून जाणं बरं नव्हे.

सर्वांत खोल घाव १९६२चा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या चीनबरोबरच्या युद्धाच्या पार्श्वभूमीवर भारत संरक्षण कायद्याखाली चिनी वंशाच्या लोकांना केवळ संशयावरून ताब्यात घेता येऊ लागलं. जन्म भारतातला, भाषा बंगाली-हिंदी-असमिया, तरी वंश चिनी हे कारण पुरे होतं. सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. त्यात मुलं होती, म्हातारी माणसं होती, आसाम आणि दार्जिलिंगकडची अख्खी कुटुंबं होती. काही जण पाच वर्षांनी, १९६७ मध्ये सुटले. बाहेर राहिलेल्यांना पोलिसांत नियमित हजेरी, प्रवासाला परवानगी, गेलेल्या नोकऱ्या आणि शेजाऱ्यांचा संशय. यातले कितीतरी जण पुढे देश सोडून गेले. टोरांटोच्या परिसरात आज ‘हक्का चायनीज’ म्हणून जी हॉटेलं आहेत त्यांतली बरीच कोलकात्याहून गेलेल्यांची, आणि तिथे चिली चिकन मिळतं ते थेट टँग्राच्या चवीचं. या अटकेबद्दल भारत सरकारने आजवर माफी मागितलेली नाही. ती मागायला हवी होती, आणि अजूनही मागता येईल.

टिरेटात फिरताना हे ध्यानात असू द्या. ‘तुम्ही कुठल्या देशाचे?’ हा प्रश्न इथल्या माणसाला नुसता उद्धट वाटत नाही, जुनी भीती जागी करतो. ती माणसं चौथ्या-पाचव्या पिढीची कोलकातेकर आहेत. न विचारता तोंडासमोर कॅमेरा धरू नका.

दुसरा घाव टँग्राच्या धंद्यावर. कातडं आधी मिठात, मग चुन्याच्या हौदात, मग क्रोमियमच्या क्षारात फिरत्या पिंपात घालतात, आणि प्रत्येक टप्प्याचं पाणी बाहेर सोडावं लागतं. ते प्रक्रियेविना उघड्या नाल्यांतून पूर्वेच्या पाणथळ प्रदेशाकडे जायचं, जिथे शहरासाठी मासे आणि भाजी पिकते. १९ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टँग्रा, तिलजला, तोपसिया आणि पागलाडांगा इथले साडेपाचशेच्या घरातले चामड्याचे कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितलं. बानतल्याला चर्मसंकुल उभं राहिलं. पाणी विषारी होत होतं हे खरंच होतं, निकालाला आधार भक्कम होता. पण घर आणि कारखाना एकाच आवारात असलेल्या छोट्या हक्का कुटुंबांना नवी जागा, नवी यंत्रं आणि सांडपाणी शुद्धीकरणाचा खर्च पेलण्यासारखा नव्हता. काही बानतल्याला गेले, काही कॅनडाला, आणि काहींनी कारखान्याच्या आवारात हॉटेल काढलं.

भारतातलं शेवटचं चिनी दैनिक ‘सिओंग पो’ टँग्रातून निघायचं. कोविडच्या काळात तेही बंद पडलं.

टँग्राची संध्याकाळ

उंच भिंती, लोखंडी फाटकं, आत प्रशस्त अंगण आणि मग अचानक दिव्यांनी उजळलेलं हॉटेल: टँग्राची ही रचना जुन्या कारखान्यांची आहे. सार्वजनिक वाहनाने यायचं तर बरीच पायपीट होते, टॅक्सी बरी. परतीची गाडी जेवण संपायच्या आधीच बोलवा, रात्री आतल्या रस्त्यांवर रिकामी टॅक्सी सहज मिळत नाही. आठच्या आधी पोहोचलात तर टेबल मिळतं, शनिवारी-रविवारी आधी फोन केलेला बरा.

दिवस असताना आलात तर माथेश्वरतला रोडवरचं चिनी कालीमंदिर आधी पाहा. शेंदूर लावलेल्या दगडांची झाडाखाली पूजा व्हायची, तिथे चिनी कुटुंबांनी देऊळ बांधलं. मूर्ती बंगाली कालीची, उदबत्त्या चिनी, आणि नैवेद्यात नूडल्स आणि चॉप सुईही असतात.

जेवायला आपल्याकडच्या गाडीवरचं ट्रिपल शेजवान मागू नका, तो मुंबईचा प्रकार आहे. इथे चिली चिकन घ्याच, हिरवी मिरची, लसूण आणि सोयाचं, शेजवानच्या लाल चटणीशिवाय. त्याबरोबर आलं-सोयात वाफवलेला अख्खा मासा आणि मिळालं तर हामचॉय घातलेलं पोर्क मागा. हामचॉय म्हणजे मिठात मुरवलेली मोहरीची पालेभाजी, आंबट-खारट, खास हक्का घरांतली. मेनूवर नसली तरी विचारून पाहा. थाळ्या मोठ्या असतात. दोघांनी दोन पदार्थ आणि एक नूडल्स मागवले तरी उरतं, म्हणून चौघंजण जाणं फायद्याचं.

मुंबईकरांच्या जिभेचंही या वस्तीशी नातं आहे. चिकन मांचुरियनचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते नेल्सन वाँग कोलकात्यात वाढले. १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करताना आलं, लसूण, मिरची आणि सोया सॉस एकत्र आणून त्यांनी तो पदार्थ केला असं सांगतात. आणि माझगावात, नवाब टँक रोडवर, गोदीच्या वाटेवर १९१९चं सी यप देऊळ आहे. ते त्याच चार तालुक्यांच्या लोकांचं, ज्यांचं कोलकात्यात सी इप आहे. मुंबईत राहणाऱ्याने कोलकात्याला जाण्याआधी हे पाहून घ्यावं. कौलाचा नळा आणि ते दोन अर्धचंद्र इथेही आहेत.

कधी जावं

साधा रविवार, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एवढं बहुतेकांना पुरे. चिनी नववर्ष दरवर्षी २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येतं, तारीख आधी बघून ठेवा. आदल्या रात्रीपासून देवळं उघडी असतात, एरवी बंद मिळणारीसुद्धा. सिंहनृत्याची पथकं दारोदार जातात. दारावर उंच टांगलेली पालेभाजी आणि तिच्यातलं लाल पाकीट सिंह तोंडाने ओढून घेतो, पाला फाडून उधळतो आणि पैसे पथकाचे होतात. आत नाचणारे दोघे असतात, पुढच्याने मागच्याच्या खांद्यावर चढायचं ठरवलं की मागे सरा. फटाक्यांच्या माळा अरुंद गल्लीत लागतात, तेव्हा सुती कपडे घाला आणि लहान मुलांना पुढे उभं करू नका.

नववर्षानंतरच्या दिवसांत, विशेषतः सुट्टीच्या वारी, कोलकात्याचे चिनी अचिपूरला जातात. नदीकाठी तोंग अच्यूची लाल रंगाची, घोड्याच्या नालेसारखी कबर आहे, आणि आतल्या बाजूला भूमिदेव व त्याच्या पत्नीचं देऊळ, ज्याला गावकरी खुदा-खुदी म्हणतात. सियालदहहून बजबजपर्यंत लोकल, पुढे ऑटो, आणि ऑटो परतीसाठी थांबवून घ्या. वर्षाच्या इतर दिवशी देवळाला कुलूप असू शकतं, किल्लीवाला शेजारीच विचारून सापडतो. खायला तिथे फारसं काही मिळत नाही, म्हणून सकाळी टिरेट्याला बाव बांधून घ्या आणि दुपारपर्यंत संपवा.